"मावशींना मी काय शिकवणार?" : माणूस बघून वागायचं, की सगळ्यांना एकच काठी?

काजूगर (सोमवार, रात्री १०:१५)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय ते आज लिहून काढते. थोडं लांबेल.

वेंगुर्ल्यापासून आत एका गावात आमचा काजू फोडायचा छोटा कारखाना आहे. सासऱ्यांनी चालू केला, गेली ७ वर्षं मी बघते. १६ बायका, बॉयलर आणि ड्रायरवर २ पुरुष. मार्च ते मे बी खरेदी करून साठवायची आणि मग वर्षभर काम चालू. बी वाफवायची, एक दिवस निवू द्यायची, मग कटिंग, ड्रायर, साल काढणं, ग्रेडिंग, पॅकिंग.

दोन वर्षांपूर्वी मी ठरवलं की आता सगळं शिस्तीत करायचं. तोवर माझ्यावर "ताई हिचं ऐकते, तिचं ऐकत नाही" असा ठपका होता आणि तो मला फार लागायचा. म्हणून सगळ्यांना एकच नियम केला. सकाळी ९ वाजता सगळ्या एकत्र उभ्या राहणार, आदल्या दिवशी कोणाचं किती किलो झालं ते मी मोठ्याने वाचणार, दिवसातून दोनदा प्रत्येकीच्या मागे जाऊन बघणार. कोणाला जास्त नाही, कोणाला कमी नाही. मला वाटलं, आता कोणी बोट दाखवणार नाही.

या वर्षी एकापाठोपाठ तीन गोष्टी झाल्या.

पहिली. बारावी झालेली १९ वर्षांची एक मुलगी कटिंगला आली. काम कसं करायचं ते मी तिला सगळ्यांसारखं एकदाच सांगितलं. काजूच्या टरफलातलं तेल किती जळजळीत असतं ते आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक, त्यामुळे बोटांच्या बेचक्यात, नखांच्या कडेने खोबरेल चोळून बसायचं हे वेगळं सांगावं असं माझ्या मनातही आलं नाही. तिने तळव्यांना तेवढं लावलं. चौथ्या दिवशी तिच्या बोटांमधली कातडी सोलून निघाली. ती बोलली नाही, मुठी मिटून बसली होती. डब्याच्या वेळी भात चमच्याने खाताना मी बघितलं आणि विचारलं, तेव्हा तिने हात उघडले. तिला दवाखान्यात नेलं, हात बरे झाले. पण ते दृश्य डोळ्यांसमोरून जात नाही.

दुसरी. आमच्या एक मावशी आहेत, २२ वर्षं कटिंगला. कारखान्यात माझ्याही आधीपासून. वाफवलेली बी हातात घेतली की ती बरोबर शिजली आहे की कच्ची, हे त्या न फोडता सांगतात. त्यांची कंबर धरायला लागली म्हणून मी त्यांना मानाने ग्रेडिंगच्या टेबलावर बसवलं. मावशींना मी काय शिकवणार, म्हणून काहीच सांगितलं नाही. दीड महिन्याने व्यापाऱ्याकडून माल परत आला. २४० नंबरच्या, म्हणजे मोठ्या गराच्या डब्यांत ३२० नंबरचा बारीक गर मिसळलेला. मावशी तीन दिवस आल्या नाहीत.

तिसरी. साल काढणाऱ्या एक वैनी. कधी आवाज नाही, कधी तक्रार नाही, गर क्वचितच तुटायचा. गणपतीनंतर आल्याच नाहीत. मालवणला कोणाच्या तरी होमस्टेमध्ये लागल्या म्हणे. मला कारणही कळलं नाही.

आता मला दिसतंय की सगळ्यांशी सारखं वागून मी तिघींचंही नुकसान केलं. पण माणूस बघून वागायला गेले की पुन्हा तोच ठपका. तुम्ही माणसं सांभाळता, तुम्ही हे कसं निभावता? मनापासून विचारतेय.

---

हर्णै_बंदर (सोमवार, रात्री ११:०२)

ताई, आमच्या दोन बोटी आहेत. बोटीवरचं सांगतो.

समुद्रात गेल्यावर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, सांगेल ते. वारा फिरला, जाळं अडकलं, तर तिथे कोणाचं मत घेत बसायचं नसतं. एकच आवाज पाहिजे आणि तो सगळ्यांना सारखाच. यात मी बदल करणार नाही.

पण धक्क्याला लागल्यावर प्रत्येक खलाशी वेगळा असतो आणि तो वेगळाच धरावा लागतो. पैशाचंच घ्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. हंगामाच्या सुरुवातीला सगळे उचल मागतात. आधी मी सगळ्यांना सारखी द्यायचो. मग एकेकाशी बसून बोललो. एकाला जूनमध्ये एकदम रक्कम हवी, पोरांची फी आणि घराची कौलं. एक कर्नाटकातला, त्याला दर महिन्याला घरी पाठवायला हवेत, एकदम दिले तर भाऊबंद वाटून घेतात. एकजण स्वतःच म्हणाला, शेट, माझे तुमच्याकडेच ठेवा, हातात आले की दारूत जातील. त्याचा हिशेब मी वहीत लिहितो, दोघांच्या सह्या आणि बायकोला पण दाखवतो, कारण दुसऱ्याचा पैसा ठेवणं जोखमीचं काम आहे. तिघांचा वाटा तोच, एक रुपया कमीजास्त नाही. देण्याची पद्धत तेवढी तीन. आजवर कोणी म्हणालेलं नाही की शेट दुजाभाव करतो.

नव्या पोराला पहिले आठ दिवस बोट लागते, उलट्यांनी अर्धा होतो. त्याला जाळ्यावर घालत नाही, बर्फ आणि मासळी निवडायला ठेवतो आणि एका जुन्या माणसाला सांगतो की हा तुझा. जुन्याला मात्र काम सांगायला गेलं की राग येतो. त्याला विचारायचं, आज कुठे सोडूया?

तुमच्या मुलीला पण असं कोणीतरी "तुझी" म्हणून द्यायला हवी होती.

---

कातळसडा (मंगळवार, सकाळी ७:५०)

मी १२ वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये होतो, आता रत्नागिरीतून घरूनच काम करतो. ९ जणांची टीम आहे, सगळे वेगवेगळ्या गावांत.

काजूगरताई, तुम्हाला जे झालं त्यावर व्यवस्थापनात जुना विचार आहे. १९६९ साली पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड या दोघा अमेरिकनांनी मांडला. वरिष्ठाची एकच चांगली रीत नसते, समोरचा त्या कामात किती तयार आहे त्यावर ती ठरते. अगदी नव्याला नीट सांगायचं, थोडं यायला लागलं की का ते समजावत शिकवायचं, येतंय पण धीर होत नाही त्याच्या सोबत उभं राहायचं आणि पूर्ण तयार झाला की सोपवून बाजूला व्हायचं.

यातले "त्या कामात" हे दोन शब्द लोक विसरतात. मी पण विसरलो होतो. मावशींची २२ वर्षं कटिंगची. ग्रेडिंगच्या टेबलावर त्यांचा पहिलाच दिवस होता. त्या दिवशी त्या आणि ती १९ वर्षांची मुलगी एकाच पायरीवर होत्या. तुम्ही माणसाचा अनुभव मोजलात, कामाचा मोजायला हवा होता.

माझ्याकडे हेच झालं. टीममधल्या सगळ्यात हुशार मुलाला मी गिऱ्हाइकाशी बोलायचं काम दिलं आणि सोडून दिलं. कोड लिहिण्यात त्याला मी काय सांगणार! पण गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणायचं हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. तो सगळ्याला हो म्हणत गेला आणि रात्र रात्र जागून ते पुरं करत राहिला. त्याने राजीनामा दिला तेव्हा मला कळलं.

या विचाराची मर्यादाही सांगतो, नाहीतर मी पोपटपंची केल्यासारखं होईल. त्याची तपासणी झाली तेव्हा तो सगळीकडे उतरला नाही. रॉबर्ट वेक्यो या संशोधकाने १९८७ साली माध्यमिक शाळांतल्या शिक्षकांवर तो पडताळला. नव्याने लागलेल्या माणसाला स्पष्ट सांगणारा वरिष्ठ लागतो, एवढ्या भागाला चांगला आधार मिळाला. वरच्या पायऱ्यांचं चित्र तितकं स्वच्छ नव्हतं. म्हणून मी नव्यांच्या बाबतीत तो डोळे मिटून पाळतो आणि जुन्यांना सरळ विचारतो की या कामात तुला माझ्याकडून काय हवं.

---

निवृत्त_मास्तर (मंगळवार, सकाळी ९:२०)

कातळसडा यांनी चांगलं मांडलं. एक भर घालतो. हाच विचार सुरुवातीला हर्सी आणि ब्लँचर्ड यांनी आईबापांच्या उदाहरणावरून मांडला होता, लेकरू वाढत जातं तसा हात सोडत जायचा. मला तिथे थोडं अडतं. आपल्याकडे कामाला येणारी बाई लेकरू नसते. ती घरी चार माणसांचं करून, पाणी भरून, गुरांना घालून आलेली असते. तिला एखादं काम नवीन असेल, पण ती पोक्त आहे. नवख्याला शिकवताना आवाज मास्तराचा लागला की पोक्त माणूस आतून मिटतो. मी ३१ वर्षं शाळेत काढली, शेवटची ८ मुख्याध्यापक म्हणून. माझ्याहून वयाने मोठ्या शिक्षकाला काही सांगायचं असेल तर मी त्याच्या वर्गात जाऊन शेवटच्या बाकावर बसायचो आणि मग आम्ही दोघं चहाला जायचो. ऑफिसात बोलावून कधी सांगितलं नाही.

आणि ताई, ते सकाळचे आकडे मोठ्याने वाचणं बंद करा. वर्गात मार्क वाचून दाखवले की पहिला पोरगा खूश होतो आणि शेवटचे पाच शाळा सोडायचा विचार करायला लागतात.

---

देवगडकर (मंगळवार, दुपारी १:३५)

मी थोडं वेगळं म्हणतो. राग मानू नका.

हे सगळं बोलायला बरं आहे, पण लहान धंद्यात एवढा वेळ कोणाला? एप्रिलमध्ये आंबा उतरायला लागला की माझ्या बागेत २२ माणसं असतात. पहाटे साडेपाचला झेले (आंबा उतरवायच्या जाळीच्या काठ्या) घेऊन झाडावर, ऊन चढायच्या आत काढणी, मग निवड, पेट्या, संध्याकाळी वाशीची गाडी. एकेकाचं मन बघत बसलो तर आंबा झाडावर पिकून खाली पडेल. नियम एकच पाहिजे. देठासकट काढायचा, चीक फळावर सांडू द्यायचा नाही, १४ आणे तयार झालेलाच घ्यायचा. कोणीही असो.

---

काजूगर (मंगळवार, दुपारी २:१०)

देवगडकर दादा, राग कसला. तुमचं खरं आहे, सीझनला मलाही श्वास घ्यायला वेळ नसतो. पण एक विचारू? १४ आणे तयार आंबा कोणता, हे नव्या माणसाला कसं कळतं?

---

देवगडकर (मंगळवार, रात्री ९:०५)

ताई, दुपारपासून तुमच्या प्रश्नावर विचार करतोय.

खरं सांगायचं तर ते कळत नाही, दाखवावं लागतं. देठाजवळचा खांदा भरलेला असतो, तिथे बारीक खळगा पडतो, रंग किंचित उतरतो. हे नुसतं बोलून समजत नाही.

माझ्याकडची अर्धी माणसं नेपाळची. ऑक्टोबरच्या सुमारास येतात, जूनमध्ये परत जातात. मी मराठीत सांगायचो, ते सगळ्याला "हो शेट" म्हणायचे. मला वाटायचं समजलं. मग टोपलीत निम्मा कोवळा आंबा यायचा आणि मी ओरडायचो. दोन-तीन वर्षं असंच. एकदा त्यांच्यातल्याच एका वयस्काने सांगितलं की शेटला नाही म्हणणं त्यांच्यात बरं दिसत नाही, म्हणून न समजलेलाही हो म्हणतो. तेव्हापासून मी "समजलं का?" विचारत नाही. "करून दाखव" म्हणतो. पहिल्या दिवशी प्रत्येक नव्याकडून दहा फळं काढून घेतो, त्याच्यासमोर एकेक हातात घेऊन बघतो. जुन्यांना हे करत नाही, करायला गेलो तर अपमान वाटेल.

म्हणजे मीही वेगवेगळंच वागतो की. लिहायला बसेपर्यंत लक्षात आलं नव्हतं. दुपारचं माझं म्हणणं अर्धं मागे घेतो. नियम एकच हे बरोबर, तो पोचवायची वाट माणसागणिक.

---

सिस्टर_चिपळूण (मंगळवार, रात्री १०:४०)

ड्यूटीवरून आत्ता आले. हर्णैच्या दादांनी वाऱ्यातलं आणि धक्क्यावरचं वेगळं सांगितलं, त्यावरून मला माझी चूक आठवली.

२२ जुलै २०२१ ला चिपळूणला पूर आला तेव्हा मी एका छोट्या खाजगी रुग्णालयात इनचार्ज होते. त्या दिवशी मी फक्त हुकूम दिले. तू इकडे, तू तिकडे, हे वर न्या, ते सोडा. कोणाला का म्हणून विचारायला सवड नव्हती आणि सगळ्यांनी धावून काम केलं. तेव्हा तेच बरोबर होतं.

चूक पुढची. पाणी उतरलं, गाळ काढून झाला, वॉर्ड सुरू झाला, तरी मी महिनोन्महिने त्याच आवाजात बोलत राहिले. हुकूम दिला की काम होतं याची सवय लागली होती. १५ वर्षांच्या अनुभवाच्या सिस्टर्सना मी सलाइनचा वेग सांगत होते. एक दिवस त्यांच्यातली एक शांतपणे म्हणाली, "मॅडम, पूर ओसरला हो." मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

दुसरं, कातळसडा म्हणतात तसं कामागणिक. आमच्याकडे सगळ्या नोंदी कॉम्प्युटरवर आल्या तेव्हा सगळ्यात मोठ्या सिस्टर मागे पडल्या. अंधारात शीर शोधणाऱ्या बाई, पण माऊस धरला की हात कापायचा. मी त्यांना सगळ्यांसोबत ट्रेनिंगला बसवलं तर त्या गप्प बसून आल्या, काही शिकल्या नाहीत. नव्या मुलींसमोर चुकायची लाज. मग दुपारी वॉर्ड शांत असताना फक्त आम्ही दोघी, रोज पंधरा मिनिटं, दार लोटून. तीन आठवडे लागले. मोबदल्यात नव्या मुलींना लहान बाळाची शीर कशी धरायची ते त्यांनी शिकवायचं, असं ठरवलं. त्यामुळे त्यांना आपण खाली उतरलो असं वाटलं नाही.

काजूगरताई, तुमच्या मावशी परत आल्या का?

---

काजूगर (बुधवार, सकाळी ८:३०)

आल्या. चौथ्या दिवशी. न बोलता कटिंगच्या जुन्या जागी जाऊन बसल्या. मला काय बोलावं कळेना, मीही गप्प राहिले. आज मास्तरांचं आणि सिस्टरांचं वाचून जीव भरून आलाय. आज बोलणार आहे.

---

लेक_मालवणची (बुधवार, दुपारी ४:००)

मी इथे नेहमी वाचते, पहिल्यांदा लिहितेय. माझी आई १४ वर्षं काजूच्या कारखान्यात होती, साल काढायला. (कारखाना कोणता ते लिहीत नाही.) काल रात्री तिला हा सगळा धागा वाचून दाखवला. ती जे बोलली ते लिहिते.

आई म्हणाली, मालकीण मागे येऊन उभी राहायची तेव्हा, "माजो हात थरथरता आणि गर तुटता." गर तुटला की अख्ख्याची पाकळी होते, पाकळीचा भाव कमी, मग त्याच्यावरून बोलणी. बाई गेली की हात परत सरळ चालायचा. शेजारणीला मात्र मालकीण येऊन दोन शब्द बोलली तर बरं वाटायचं, नाही आली तर ती म्हणायची आज आपल्याकडे बघितलंच नाही. दोघींना एकाच पद्धतीने बघितलं जायचं.

आईने काम सोडलं ते पगारामुळे नाही. भाऊ पहिलीत गेला, त्याची रिक्षा आठ वाजता. त्याला सोडून एसटीने येईपर्यंत सव्वानऊ. कारखान्यात ९ ला हजेरी, उशीर झाला की अर्धा दिवस कापत. आई रोज धावत जायची. कोणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. मी विचारलं का नाही सांगितलंस, तर म्हणाली, "सगळ्यांक एकच नियम, माज्यासाठी कशाक बदलतीत?"

काजूगरताई, तुमच्या वैनींचं काय होतं मला माहीत नाही. पण साल काढणं वजनावर असतं. ९ ते ५ काय आणि साडेनऊ ते साडेपाच काय, गर तेवढाच सोलला जातो.

---

हर्णै_बंदर (बुधवार, संध्याकाळी ६:१५)

लेक, आईला माझा नमस्कार सांग.

---

निवृत्त_मास्तर (बुधवार, रात्री ८:००)

या मुलीचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. आम्ही सगळे वरून खाली बघणारे लिहीत होतो. खालून वर काय दिसतं ते हिने दाखवलं. "एकच नियम" म्हटल्यावर माणूस आपली अडचण सांगायचंच बंद करतो, हे मला इतक्या वर्षांत असं उमगलं नव्हतं.

---

कातळसडा (बुधवार, रात्री ९:३०)

दुजाभावाबद्दल माझा अनुभव लिहितो, कारण काजूगरताईंचा मूळ प्रश्न तो होता.

लोकांना वेगळी वागणूक खुपत नाही, लपवलेली वागणूक खुपते. मी एकीला बुधवारी उशिरा यायची सवलत दिली होती, वडिलांचं डायलिसिस असायचं. तिने कोणाला सांगू नका म्हटलं म्हणून मी गप्प. महिन्याभरात कुजबुज सुरू झाली. मग तिला विचारून मी टीमला इतकंच सांगितलं की घरचं कारण आहे, कोणालाही असं कारण असेल तर माझ्याकडे या. कुजबुज तिथेच थांबली. पुढच्या आठवड्यात दोघे आले. त्यांच्याही अडचणी वर्षभराच्या जुन्या होत्या.

पण दोन गोष्टी कधीच माणूस बघून करू नयेत. एक पैसा. त्याच कामाला तोच दर, बाई असो पुरुष असो. समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच झाला आणि तो नसता तरी हे बरोबरच होतं. दुसरी सुरक्षितता. टरफलाच्या तेलाला नवी-जुनी कळत नाही. मावशींनीही हाताला तेल लावूनच बसायचं.

---

सिस्टर_चिपळूण (बुधवार, रात्री १०:१०)

सुट्ट्यांचं पण लिहा कोणीतरी. आमच्याकडे गणपतीला सगळ्यांना सुट्टी हवी, ते कधीच जमत नाही. पूर्वी चिठ्ठ्या टाकायचो, वाटायचं याच्याइतका न्याय नाही. पण एका ख्रिश्चन सिस्टरला गणपतीची सुट्टी निघायची आणि नाताळला ड्यूटी लागायची. एकीला ईदला. आता जूनमध्येच प्रत्येकीला विचारते, वर्षातले तुझे न चुकवण्यासारखे दिवस कोणते. एकीने गणपती सांगितला नाही, शिमगा सांगितला, तिच्या घरी पालखी येते. एकीने मुलाच्या दहावीच्या पेपराचे दिवस सांगितले. निम्मी भांडणं आपोआप मिटली. उरलेल्या निम्म्यांसाठी अजून चिठ्ठ्याच टाकतो.

---

देवगडकर (गुरुवार, सकाळी ६:४०)

सिस्टर, हे मी उचलतो.

---

काजूगर (१७ दिवसांनी, रविवार, रात्री ९:४५)

सगळ्यांचे आभार मानायला आणि काय झालं ते सांगायला आले आहे. उशीर झाला, आधी करून बघायचं होतं.

त्या बुधवारी संध्याकाळी सगळ्या गेल्यावर मावशींना थांबवलं. चहा केला. त्या बाकड्याच्या अगदी कडेला बसल्या. मी म्हटलं, मावशी, चूक माझी झाली, मी तुम्हाला ग्रेडिंग शिकवलंच नाही. बराच वेळ त्या बशीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "बाय, माका ह्या नंबरातला कायएक कळना नाय. पण इचारू कोणाक? सगळी म्हणतत मावशेक सगळा येता."

तुम्हाला सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दीड महिना ही बाई रोज सकाळी त्या टेबलावर भीत भीत बसत होती आणि मी त्याला मान दिला असं समजत होते.

मग आम्ही दोघी बसलो. काजूचा २४० किंवा ३२० नंबर म्हणजे एका पौंडात किती गर मावतात त्याचा आकडा. पौंड म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम. २२० ते २४० गर बसले तर २४० नंबर, ३०० ते ३२० बसले तर ३२०. हे मी त्यांना नुसतं सांगू शकले असते. पण मी तराजू पुढे ठेवला आणि म्हटलं, मावशी, तुम्हीच मोजा. त्यांनी एक ढीग ४५४ ग्रॅमचा केला आणि दहा-दहाच्या राशी घातल्या. २३ राशी आणि वर ३. दुसरा ढीग, ३१ राशी आणि वर १. मग दोन्हीतला एकेक गर दोन तळहातांवर ठेवून त्या वजन घेत राहिल्या, डोळे मिटून, जशी वाफवलेली बी बघतात तशा. शेवटी म्हणाल्या, वेंगुर्ला ७ जातीच्या काजूचा गर टपोरा, तो चुकत नाही. गावठी बीतला मोठा गर आणि वेंगुर्ला ४ मधला बारीक, ह्या दोघांत माझी फसगत होते. व्यापाऱ्याकडून परत आलेला माल नेमका तसाच होता, दोन खरेद्यांची बी एकत्र वाफवलेली. म्हणजे त्यातली निम्मी चूक मी बी मिसळली तिथे होती. हे मला मावशींनी शिकवलं.

आता टेबलावर २४० च्या आणि ३२० च्या दोन नमुना वाट्या कायम असतात. पहिले दहा दिवस संध्याकाळी मी त्यांच्यासोबत एक डबा उघडून बघायचे. आता आठवड्याला एक बघते. पुढच्या महिन्यात तेही त्यांनी सांगितलं तरच.

नवी मुलगी परत कटिंगला बसायला तयार नव्हती आणि मी आग्रह केला नाही. हात पूर्ण बरे झाल्यावर साल काढायला बसवली. हर्णैच्या दादांचं ऐकून तिला एका बाईच्या स्वाधीन केली आणि त्या बाईला शिकवण्याचे दिवस पूर्ण भरून दिले, कारण शिकवताना तिचं स्वतःचं वजन कमी भरतं आणि तो भुर्दंड तिने का सोसायचा. देवगडकर दादांचं "करून दाखव" रोज वापरते.

सकाळचे आकडे वाचणं बंद केलंय. वजन प्रत्येकीच्या वहीत लिहून तिलाच दाखवते. दोघींनी येऊन सांगितलं की आम्हाला मोठ्याने वाचलेलं आवडायचं, नाव पहिलं यायचं. त्यांची हौस कशी भागवायची ते मला अजून सुचलेलं नाही. एकीला तिच्या वहीत तिचा मागच्या महिन्याचा आकडा शेजारी लिहून देते, ती खूश आहे. दुसरी नाही.

मागे जाऊन उभी राहणंही बंद. प्रत्येकीला एकटीला विचारलं की मी बघायला कशी येऊ. हसल्या आधी, असं कोणी विचारतं का म्हणून. मग चौघींनी समोरून या म्हटलं, बाकीच्यांनी चालेल कसंही म्हटलं. एक जण म्हणाली, तुम्ही येऊच नका, मीच वाटी घेऊन येईन. ती रोज तीन वाजता वाटी घेऊन येते.

एकीने मात्र तोंडावर विचारलं, मावशींकडे रोज अर्धा तास बसता, आमच्याकडे का नाही? मी म्हटलं, त्यांना ते काम नवीन आहे म्हणून. तुम्हाला नवीन काम शिकायचं असेल तर तुमच्याकडेही बसेन. तिने ड्रायर शिकायचं म्हटलंय. आजवर बाई ड्रायरवर नव्हती. पुढच्या सोमवारपासून ती आणि मी, तापमानाची वही घेऊन. दर तोच, जो ड्रायरवरच्या पुरुषांना आहे.

वैनींचा नंबर होता. लेकीचा प्रतिसाद वाचून दोन दिवस धीर होत नव्हता, मग फोन केला. विचारलं, वैनी, जायचं कारण काय होतं? त्या म्हणाल्या, सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, सकाळी त्यांचं सगळं उरकल्याशिवाय घर सोडता येत नाही. होमस्टेवाले अकराला बोलावतात. मी म्हटलं, वजनावरचं काम आहे, तुम्ही पण अकराला या. त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, आधी बोलला असतात तर. होमस्टेवाल्यांना मे अखेरपर्यंत शब्द दिलाय, तो मोडणार नाही.

मी म्हटलं, जूनमध्ये परत फोन करू का? करा म्हणाल्या.

---

लेक_मालवणची (रविवार, रात्री १०:२०)

आईला वाचून दाखवलं. ती विचारते, तुमच्या गावाकडे मालवणहून सकाळची एसटी किती वाजता असते?

---

काजूगर (रविवार, रात्री १०:३१)

उद्या स्टँडवर विचारून सांगते. पण आईंना सांग, एसटी कितीचीही असू दे, त्या पोचतील तेव्हा त्यांचा दिवस सुरू.